पहिलं नाव सोडून

“तुमच्या चिठ्ठीचा कोपरा मोडलेला असतो, पोंक्षे.”

करमरकरवहिनी हे हसत हसत म्हणाल्या, पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा बेतानं. स्टीलचा डबा माझ्या हातात होता. त्यात गुरुपौर्णिमेला कोण कितवं गाणार याच्या चिठ्ठ्या होत्या, आणि त्यांच्या घड्या मीच घरून घालून आणल्या होत्या.

“कोपरा मोडलेला असता, तर गेल्या वर्षी मी दुसरा आलो असतो का?” मी म्हटलं.

“तेवढी एक चूक झाली असेल तुमच्या हातून.”

सगळे हसले. मीही हसलो, न हसून सांगतो कोणाला? गाण्याच्या कार्यक्रमात मान शेवटच्याचा असतो. सुरुवातीला गातो तो नवशिका, लोक तोवर छत्र्या झटकत आणि ओळखीचे चेहरे शोधत असतात. शेवटचा भैरवी गातो, आणि भैरवी संपली की बुवांच्या पायाशी पहिला तोच वाकतो. त्या वर्षी डब्यातून शेवटचा आकडा माझ्या नावानं निघाला होता, आणि वहिनींच्या नाकाला मिरची झोंबली होती.

आमचे नरहरबुवा खांबेटे चिपळुणात चाळीसेक वर्षं गायनवर्ग चालवत होते. तेव्हा ऐंशीच्या पुढे गेले होते. ते वेताच्या खुर्चीत बसून हा तमाशा बघत होते. ऐकत नव्हते. कानाचं यंत्र जाकिटाच्या खिशात होतं. पुण्याच्या मुलानं ते हौसेनं आणून दिलं होतं, पण पेटीचा सूर त्यातून पत्र्याच्या डब्यात वाटाणे खडखडावेत तसा येतो, अशी बुवांची तक्रार होती. डॉक्टरसाठी, पोस्टमनसाठी आणि बायकोची, म्हणजे आमच्या माईंची, बोलणी खाण्यासाठी ते यंत्र घालत. “गाणं मला असंच कळतं,” असं म्हणत, आणि आम्हाला ते पटत असे. शिकवताना ते आमच्या मांडीला मांडी लावून बसायचे, एक हात तंबोऱ्याच्या भोपळ्यावर, आणि सूर केसभर हलला की त्यांची भुवई हलायची. एवढं पुरेसं होतं.

“भांडताय कशाला?” त्यांनी विचारलं. माईंनी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं.

तेव्हा प्राजक्ता रेडीज पुढे झाली. पॉलिटेक्निकात कॉम्प्युटर शिकवायची, आमच्याकडे गाणं शिकायची. “बुवा, मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिते. नावं घालायची, तो पिसून क्रम देईल. पत्ते पिसतात ना, तसं. कोणाच्या हाताचा संबंध नाही.”

हे तिनं पाटीवर लिहून दाखवल्यासारखं हातवारे करून सांगितलं. बुवांनी मान हलवली. मग म्हणाले, “पिसा. पण पहिली हेमांगी. तिला हलवायचं नाही. बाकीच्यांना तुमचं यंत्र काय ढवळायचं ते ढवळू दे.”

वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

हेमांगी घाग तिथं नव्हतीच. ती नेहमीप्रमाणे उशिरा येणार होती. एसटी स्टँडजवळ तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. “मशीनमध्ये कागद अडकला होता” हे वाक्य म्हणतच ती उंबरा ओलांडत असे. जायचीही लवकर. तिच्या खात्यावर जमेला काय होतं ते मी बरेचदा मनात मांडून बघितलं होतं. फळं आणणं नाही, सतरंज्या घालणं नाही, नमस्कारही निम्मा वाकून. माझ्या जमेला बुवांच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या, मिरजेहून तंबोऱ्याच्या तारा होत्या, हॉलचं बुकिंग, निवेदन, तबलजीला आणणं-पोचवणं, सगळं होतं. मी सहकारी बँकेत हिशेबाला होतो. दोन बाजू जुळल्या नाहीत की मला जेवण जात नाही. इथं त्या कधीच जुळत नव्हत्या, कारण ती आल्याशिवाय बुवा तंबोरा उचलत नसत.

दुसऱ्या दिवशी प्राजक्ता लॅपटॉप घेऊन आली. आम्ही सगळे तिच्या खांद्यावरून वाकलो. तिनं कळ दाबली आणि नावं भराभर खाली उतरली. पहिलं नाव करमरकरवहिनींचं.

“अगं बाई!” वहिनी म्हणाल्या. “नवशिकी झाले मी.”

“थांबा, हेमांगी पहिली यायला हवी. येईपर्यंत पिसत राहील,” प्राजक्ता म्हणाली आणि पुन्हा दाबली. कोणीतरी दुसरंच आलं. पुन्हा दाबली. पहिलं नाव आलं: श्रीधर पोंक्षे. तिनं लगेच पुन्हा दाबली.

पहिल्या जागेची मला हाव नव्हती हो. पण जी जागा एकीसाठी राखून ठेवलेली आहे, तिच्यावर आपलं नाव येऊन असं क्षणात पुसलं गेलं की कुठंतरी लागतंच.

“हा वेडेपणा आहे,” प्राजक्ता स्वतःशीच म्हणाली. “पहिली ठरलेलीच आहे, तर तिला पिसायचंच कशाला?” तिनं दोन-तीन ओळी खोडल्या आणि एक नवी लिहिली. “हे बघा. कॉम्प्युटर मोजायला शून्यापासून लागतो. शून्य नंबरवर हेमांगी ठेवून दिली. पिसायची सुरुवात एकपासून.”

“म्हणजे ती शून्य, आणि आपली मोजणी एकपासून!” वहिनींना एवढ्यानं बरं वाटलं. “चला, यंत्राला तरी कळतं.”

आता कितीही वेळा दाबलं तरी वरचं नाव हालत नव्हतं. खाली आम्ही सगळे उलटेपालटे होत होतो, आणि ती आपली खिळा मारल्यासारखी जागच्या जागी. इतक्यात दारात आवाज आला, “कागद अडकला होता.”

तिला सांगितलं. ती म्हणाली, “पहिली? बरं झालं, लवकर सुटेन. दुकान उघडता येईल.”

आता सांगा, अशा बाईचा राग करावा तरी कसा? आणि न करावा तरी कसा?

त्या वर्षी यंत्रानं मला मधेच कुठंतरी टाकलं. हेमांगी पहिली गायली, छत्र्यांच्या खडखडाटात. निवेदक म्हणून मी माईकपाशी बाजूला उभा होतो. तिथून मला बुवा समोरून दिसायचे, बाकी सगळ्यांना पाठमोरे. ती गात असताना ते खुर्चीत पुढे सरकून बसले होते. ती उठल्यावर मागे टेकले. एवढंच मी बघितलं, आणि एवढं मला वर्षभर पुरलं.

पुढच्या ज्येष्ठात मी गोळ्या द्यायला गेलो तेव्हा माई ओट्यावर फणस सोलत होत्या. हाताला तेल, तोंडानं बोलणं चालू.

“श्रीधर, तुला म्हणून सांगते. आता ह्यांच्यानं होत नाही. ह्या गुरुपौर्णिमेला वर्ग कोणाच्या तरी हाती द्यायचा म्हणतायत. तिथंच, सगळ्यांसमोर.”

“कोणाच्या?” मी गोळ्यांची पुडी खाली ठेवत विचारलं.

“ते मला सांगतील होय? पण काल रात्री जेवताना विचारत होते, हेमांगीची तयारी कशी आहे म्हणून.”

मी घरी आलो तो चप्पल उलटसुलट घालून. बायकोनं विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” ती म्हणाली, “मग हेमांगी घागचं काहीतरी असणार.” तिच्यापासून काही लपत नसे.

मला तो वर्ग हवा होता. सरळ सांगतो. निवृत्तीनंतर लोक बागकाम करतात, मला बुवांच्या गादीवर बसायचं होतं. त्यांच्या बंदिशी मी जशाच्या तशा जपल्या होत्या. त्यांनी जिथं श्वास घेतला, तिथंच मी घेत आलो होतो. आणि हे सगळं झेरॉक्सच्या दुकानात जाणार?

मी पद्धतशीर कामाला लागलो. आधी वहिनींकडे गेलो. “एकीला कायमची पहिली जागा कशाला? तिच्यावरही अन्यायच की. बिचारीला कधी शेवटी गायला मिळणार नाही.”

“तुम्हाला तिचा एवढा कळवळा कधीपासून?” वहिनींनी चहा पुढे केला. “पण मुद्दा बरोबर आहे. मी आहे तुमच्या बाजूला.”

मग प्राजक्ता. तिनं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. “काका, सोपं आहे. एकच्या जागी शून्य केलं की झालं. एक आकडा फक्त. पण बुवांना विचारा.”

विचारलं. सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं, त्यांच्या कानाशी. बुवांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

“सगळ्यांना पिसायचं?”

“सगळ्यांना सारखा न्याय, बुवा.”

“हेमांगीला चालेल?”

ती भिंतीला टेकून पायावरचा चिखल खरवडत होती. “मला कुठंही चालेल. फक्त आदल्या दिवशी सांगा, दुकानाला पाटी लावायची असते.”

“मग पिसा,” बुवा म्हणाले. आणि त्यांनी जाकिटाचा खिसा चाचपला.

प्राजक्तानं एकचं शून्य केलं आणि कळ दाबली. नावं उतरली. हेमांगी मधोमध, वहिनींच्या पाठोपाठ. आणि सगळ्यात खाली, भैरवीच्या जागी, मी.

“कोपरा मोडलेला दिसतोय कॉम्प्युटरचा,” वहिनी म्हणाल्या.

मला त्या दिवशी ते बोलणंही गोड लागलं. मनाशी म्हटलं, यंत्रालाही शेवटी हिशेब कळतो.

गुरुपौर्णिमेला हॉल भरला होता. पावसामुळे दारं अर्धवट लोटलेली, चपलांचा ढीग, उदबत्तीचा आणि ओल्या सतरंजीचा मिळून एक वास. बुवा दारात उभं राहून एकेकाची चौकशी करत होते, कानात यंत्र. मग खुर्चीत येऊन बसले. मी नेहमीच्या जागी माईकपाशी उभा राहिलो.

पहिला गायक स्थिरावला. तबलजीनं हातोडी ठेवली. आणि बुवांनी, नाकावरची माशी उडवावी इतक्या सहज, हात कानाकडे नेला, यंत्र काढलं आणि जाकिटाच्या खिशात टाकलं.

मला वाटलं, खडखडत असेल. गाणं सुरू झालं. बुवा डोळे उघडे ठेवून तबलजीच्या हाताकडे बघत होते आणि मांडीवर ताल धरत होते. सम चुकत नव्हती. गाणं संपलं, मान डोलावली. दुसरा गायला, मान डोलावली. वहिनी गायल्या. त्यांचा निषाद त्या दिवशी असा काही बेसूर झाला होता, की पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी टोपी सरळ केली. बुवांची भुवई हलली नाही. त्यांनी मान डोलावली.

तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. मी कागदावरचं पुढचं नाव वाचलं, “हेमांगी घाग. राग गौड मल्हार.”

बुवांचा हात खिशात गेला.

त्यांनी यंत्र काढलं, फुंकर मारली, कानात बसवलं. बोटानं दाबून नीट केलं. आणि पुढे सरकून बसले.

ती गात होती तेवढा वेळ मी तिच्याकडे बघितलंच नाही. मी त्यांच्याकडे बघत होतो. पेटी वाजली की त्यांच्या कपाळाला आठी पडे, ते खडखडणं त्यांना सोसवत नव्हतं हे दिसत होतं. तरी यंत्र तसंच. एका ठिकाणी ती अशी काही वरून खाली आली, की आम्हाला बुवांनी तो रस्ता कधीच दाखवला नव्हता. बुवांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. एका ठिकाणी ती चक्क चुकली, तर हे हसले. लहान मूल पडता पडता सावरलं की हसतात तसे.

ती उठली. हात कानाकडे गेला. यंत्र खिशात. मान खुर्चीला टेकली.

मग आणखी चौघे गायले, आणि चौघांसाठीही खिसा मिटलेलाच राहिला.

शेवटी माझी पाळी. इतकी वर्षं हवी असलेली ती जागा, ती भैरवी. समोर भरलेला हॉल, सगळ्यांत पुढे बुवा, माझ्या सुराला पूर्ण बहिरे. ते तबलजीचा हात बघत होते आणि मांडीवर ठोके देत होते, अगदी चोख. मी गायलो. वाईट गायलो नाही. बुवा जिथं श्वास घेत, तिथं घेतला. ते जिथं थांबत, तिथं थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांच्या पायाशी वाकलो, तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तसाच ठेवून सभागृहाला सांगितलं, “आजपासून वर्ग श्रीधर चालवेल. मी शिकवलं तसंच शिकवेल. एक मात्रा इकडची तिकडे होणार नाही.”

टाळ्यांनी हॉल दणाणला. वहिनींनी डोळे पुसले आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, “पेढे मात्र चितळ्यांचे हवेत हो, घरचे नकोत.” हेमांगी पुढे आली, निम्मी वाकली आणि म्हणाली, “बरं झालं काका. मला धडकी भरली होती, माझं नाव घेतात की काय म्हणून.”

माणसाला हवं ते मिळाल्यावरही हलकं का वाटू नये, हे मला त्या क्षणी कळेना. कळत होतं, पण कळू द्यायचं नव्हतं.

लोक गेले. प्राजक्ता आणि तबलजी सतरंज्या गुंडाळत होते. मी बुवांपाशी गेलो आणि म्हटलं, “बुवा, एक विचारायचंय.”

त्यांनी हातानं थांबवलं. “थांब. कान लावतो.”

आणि माझ्या प्रश्नासाठी त्यांनी यंत्र कानात घातलं.

“माझी भैरवी कशी झाली?”

“चांगली.”

“ऐकलीत?”

त्या वयात खोटं बोलायचा कंटाळा येत असावा. “बघितली,” म्हणाले.

“हेमांगीचं मात्र ऐकलंत.”

“तू गाणं सोडून माझ्याकडे कशाला बघत होतास?”

मी माईकची वायर गुंडाळायला लागलो. ते म्हणाले, “रागावू नकोस. तुझी भैरवी मला पाठ आहे, श्रीधर. माझीच आहे ती. तू कुठं थांबशील, कुठं वळशील, ते मला बसल्या जागी कळतं. त्याला कान कशाला लागतो? ती पोरगी कुठं जाईल त्याचा काही नेम नसतो. आज दोनदा तोंडावर पडली. पण ते ऐकायचं तर हे खडखडणारं डबडं घालावंच लागतं.”

“मग वर्ग तिला का नाही दिलात?”

“शिकवेल काय ती? आपण काय गायलो ते तिचं तिला आठवत नाही. शिवाय तिचं दुकान आहे.” ते उठायला लागले, मी हात दिला. “वर्गाला वेळेवर येणारा माणूस लागतो.”

दारापर्यंत आम्ही हळूहळू गेलो. छत्री उघडताना ते म्हणाले, “घरून येताना हे कानात असतंच. ती पहिली असली की तिचं ऐकून काढून ठेवायचं, विषय संपला. मधेच हात वरखाली झाला की दिसतं. दिसलं ना तुला?”

“हो.”

“म्हणून म्हटलं होतं, तिला हलवू नका.” त्यांनी पायरीवरून खाली बघत पाऊल टाकलं. “बाकीच्यांना दिसलं का रे?”

“नाही,” मी म्हटलं. मागून करमरकरवहिनी पातळ सावरत येत होत्या. त्या म्हणाल्या, “बुवांचा कान दुखतोय का हो आज? सारखा हात जात होता.”

“दडा बसलाय,” मी म्हटलं. “पावसाळी हवा.”

पुढच्या वर्षी वर्ग माझा होता. प्राजक्ता लॅपटॉप उघडून बसली. “काका, गेल्या वर्षीसारखंच ना? सगळ्यांना पिसायचं?”

“नाही. पहिली हेमांगी. पिसायला सुरुवात एकपासून.”

“अहो, तुम्हीच तर न्याय न्याय करत होतात!”

“वर्ग कोण चालवतं?”

“तुम्ही.”

“मग कर मी सांगतो तसं.”

वहिनी म्हणाल्या, “खुर्ची मिळाली की माणसं बदलतात, बघा.” मी प्राजक्ताला कळ दाबायची खूण केली. हेमांगीनं विचारलं, “मग मी लवकर सुटेन ना?” मी मान हलवली. तिचा मला तेव्हाही हेवा वाटत होता. आजही वाटतो. तिचं दुकान आता मोठं झालंय. मी तिथं झेरॉक्स काढायला जातो आणि ती पैसे घेत नाही, याचाही वाटतो.

तर त्या गुरुपौर्णिमेला बुवा खुर्चीत बसले, आधीपेक्षा वाळलेले, कानात यंत्र. हेमांगी पहिली गायली. छत्र्या झटकल्या जात होत्या, कोणी नीट ऐकत नव्हतं. ते एकटे पुढे सरकून बसले होते. ती उठली. पहिल्या रांगेत करमरकरवहिनी होत्या, त्यांच्या शेजारी बाकीचे सगळे आपापल्या पाळीची वाट बघत, आणि सगळ्यांच्या नजरा बुवांवर, त्यांना कसं वाटलं ते बघायला.

बुवांचा हात वर जायला लागला.

मी चटकन माईक ओढला. तो किंचाळला. सगळ्यांनी दचकून माझ्याकडे बघितलं. मी घसा साफ केला आणि जे बोलायचं ठरलेलं नव्हतं ते बोलायला लागलो, पावसाबद्दल, गर्दीबद्दल, जे सुचेल ते, भरपूर लांबवून, यंत्र बुवांच्या खिशात जाऊन झाकणाचं बटण लागेपर्यंत.